काटा शून्यावर

तुला हाक मारायला आमच्याकडं नातं नाही.
मामा नाही, काका नाही, साडू तर नाहीच.
फॉर्मवर तू एवढाच होतास :
उंची पाच फूट आठ, रंग गव्हाळ,
रक्तगट बी पॉझिटिव्ह, शिक्षण पदवीपर्यंत.
कशातली पदवी, ते नव्हतं.
मी उगीच बी.कॉम. धरून चाललो.

लातूरच्या मार्केट यार्डामागं मी वजनकाट्यावर असतो.
तूर, सोयाबीन, हरभरा.
आधी भरलेली गाडी, मग रिकामी,
मधला फरक म्हणजे माल.
रोज सकाळी प्लॅटफॉर्म झाडून
काटा शून्यावर आणायचा, हे पहिलं काम.
शून्य आलं नाही तर दिवसभराचं सगळं खोटं.

म्हणून रिपोर्टवर शून्य बघितलं
तेव्हा आधी वाटलं, बरोबर आहे.
मग महानंदाकडं बघितलं.

माझं नाव मन्मथ. लॅबमधल्या पोरानं ते मोठ्यानं पुकारलं
आणि बाकड्यावरचा एक जण हसला.
मीही हसलो असतो, दुसऱ्याचं असतं तर.

नऊ वर्षं तिनं ऐकून घेतलं.
डोहाळजेवणात तिला मागं बसवायच्या,
ओटीचं ताट तिच्यापाशी येता येता वळायचं.
माझ्या तपासणीचं कुणी काढलंच नाही.
मीही काढलं नाही. हे लिहून ठेवतो.

लातुरात कुणी ओळखीचं भेटेल, म्हणून नांदेड.
केंद्रे डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्याकडं फिरवला.
दोघांची सही लागते, म्हणाल्या, घरी जाऊन बोला.
घरी कुठं बोलणार, भिंतीपलीकडं आई.
लोह्याच्या स्टँडवर उतरलो,
उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बोललो.
ती म्हणाली, मला वाढवायचंय हो, मोजायचं नाही.
मी म्हणालो, माझं कामच मोजायचं आहे.
रस संपेपर्यंत दोघंही गप्प.
मग तिनं पर्समधून पेन काढलं.

आईला अर्धंच सांगितलं.
दोष माझ्यात आहे, एवढं.
ती तूर निवडत होती, निवडतच राहिली.
एक खडा. दुसरा खडा.
मग म्हणाली, महानंदाला म्हणावं जेवून घे,
सकाळपासून उपाशी आहे.
उरलेलं अर्धं अजून माझ्या खिशात आहे.

तुझा राग यायचा.
हंगामात रात्री गाड्यांची रांग लागली की
पाच-आठ उंचीच्या प्रत्येक ड्रायव्हरकडं बघत राहायचो.
एकानं विचारलं, काय पाहुणं, ओळख काढताय का?
म्हटलं, ब्रेक लावा, गाडी हलतेय.

पोरगी झाली.
सिस्टर तिला काट्यावर ठेवायला लागली तर मी म्हणालो,
थांबा, आधी नुसतं दुपटं ठेवा, शून्य करा.
सिस्टर चिडली. पण केलं.
दोन किलो आठशे चाळीस. निव्वळ.

बारशाला बायकांनी नाक माझ्यावर घातलं.
कपाळ आजीचं, हट्ट आत्याचा.
वाटून संपलं सगळं.
कानाच्या पाळ्या तेवढ्या कुणी मागितल्या नाहीत,
त्या मी तुझ्या म्हणून ठेवल्या आहेत.

आता ती चार वर्षांची. नीलांबिका, घरात निलू.
आमच्या काट्याला वीस किलोच्या खालचं कळत नाही.
परवा ती प्लॅटफॉर्मच्या मधोमध जाऊन उभी राहिली,
साठ टन पेलणाऱ्या लोखंडावर, उलट्या सँडल घालून.
आकडा हलला नाही.
मग तिनं उडी मारली. क्षणभर वीस.
बाबा, पावती!

काढायला बसलो.
गाडी नंबरच्या जागी तिचं नाव.
माल : काही नाही.
मालकाचं नाव इथं मशीन थांबतं,
काहीतरी टाकल्याशिवाय पुढं जात नाही.
मी एक टिंब टाकलं.